‘जेवणाआधी’ म्हणजे किती वाजता? कृष्णाकाठच्या एका मधुमेही अक्कांचं प्रकरण

संकष्टीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला अक्कांना उपकेंद्रात आणलं. मोटारसायकलवर पुढे मुलगा, मागे सून आणि मध्ये अक्का, मान एका बाजूला कललेली. अंग घामानं चिंब, हात थरथरत होते, बोलताना जीभ अडखळत होती. बोटाला टोचून मशीनवर थेंब घेतला. आकडा आला ४८. साखर ७० च्या खाली गेली की ती तातडीची वेळ. अक्का शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तेवढंच साखरपाणी. अर्ध्या तासानं त्या नीट बोलायला लागल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “माझा उपास मोडला का?”

इथपर्यंतचं काम तसं ठरलेलं असतं. मला लागलं ते सुनेनं नंतर सांगितलेलं. रानात भांगलताना अक्का मटकन खाली बसल्या. बायका जमल्या. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी तोंडावर पाणी मारलं. एक म्हातारी म्हणाली, तोंडात साखर घाला. तेव्हा सुनेनंच तिचा हात धरला. “आत्तींना शुगर हाय. साखर बंद सांगितलीया.” त्यात वीस मिनिटं गेली. ‘साखर बंद’ हे दोन शब्द त्या घरात सहा वर्षं इमानानं पाळले जात होते, आणि ते आमच्याच तोंडून गेलेले होते.

मी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. ओळख पटू नये म्हणून अक्कांच्या घरचे काही तपशील बदलले आहेत. गाव कृष्णाकाठचं, ऊस, द्राक्षं आणि हळदीचं. अक्कांचं वय ५६, शिक्षण चौथीपर्यंत, घरी दोन म्हशी, दीड एकर ऊस. मधुमेह सहा वर्षांचा, रक्तदाब तीन वर्षांचा.

त्या दुपारनंतर घरात एकमत झालं की गोळ्या गरम पडल्या. आमच्या भागात हे वाक्य फार चालतं आणि ते ऐकल्यावर सगळी औषधं एकदम बंद होतात. साखर कमी करणारी, रक्तदाबाची, सगळीच. त्या दिवशी मी साखरपाणी पाजलं, पण गोळी का लागली असेल हे बसून विचारलं नाही. बाहेर लसीकरणाची रांग होती. दोन महिन्यांनी आशाताई अक्कांना पुन्हा घेऊन आल्या तेव्हा साखर ३८६ होती. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणं, पायाला मुंग्या, लुगडं सैल व्हावं इतकं वजन घटलेलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, एचबीए१सी, १०.९ आली. मधुमेहाचं निदान करायला ६.५ पुरतो.

मी रजिस्टर उघडलं. अक्कांच्या नावापुढे आधीच्या वर्षाचा शेरा होता: ‘औषधे नियमित घेत नाही. समुपदेशन केले.’ अक्षर माझंच.

देशात मधुमेहाचे रुग्ण किती, याचा मोठा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १०.१ कोटी, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी म्हणून आशाताई घरोघर जाऊन सीबॅकचा, म्हणजे आजाराचा धोका जोखणाऱ्या प्रश्नांचा, फॉर्म भरतात, आम्ही बोटाला टोचतो, आकडा पोर्टलवर जातो. रुग्ण शोधायची व्यवस्था उभी राहिली आहे. सापडलेल्या माणसाला त्याचा आजार त्याच्या भाषेत कळला का, हे पोर्टल विचारत नाही.

खिळ्याला टांगलेली पिशवी

पुढच्या शनिवारी आशाताई आणि मी अक्कांच्या घरी गेलो. मुद्दाम घरी. उपकेंद्रात टेबलापलीकडे बसलेलं माणूस सगळ्याला ‘व्हय’ म्हणतं. ‘गोळ्या घेता का’ असं मी विचारलं नाही, कारण त्या प्रश्नाला एकच उत्तर शिष्टाचाराचं असतं. विचारलं ते असं: “अक्का, गोळ्या जिथं ठेवता तिथनं तशाच आणा. आणि पहाटे उठल्यापास्नं तुमचा दिवस कसा जातो तो सांगा.”

खिळ्याला टांगलेली कापडाच्या दुकानाची पिशवी आली. आत कात्रीनं कापलेल्या पट्ट्या. कापताना कुठं औषधाचं नाव गेलेलं, कुठं मुदतीची तारीख. मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी, दोन प्रकारची निघाली, एक सरकारी आणि एक मिरजेच्या खासगी दवाखान्यातून आणलेली. कंपनी वेगळी, पट्टीचा रंग वेगळा. अक्कांच्या लेखी पांढऱ्या पट्टीतली ‘शुगरची’ आणि निळीतली ‘पायाची’, म्हणून निळी त्या पाय दुखले तरच घेत.

मग दिवस. पहाटे पाचला उठणं, शेणघाण, दोन्ही म्हशींच्या धारा. सहाला चहा, त्याबरोबर ग्लिमेपिराइडची बारकी गोळी. साडेसहाला डेअरी. मग रान. जेवण रानातच, साडेअकरा-बाराला.

“गोळी सहालाच का?”

“जेवायच्या आदी घ्यायची म्हनलं न्हवं का डॉक्टर? मग जेवायच्या आदीच घेतीया. एक दिवस चुकवली न्हाय.”

हा खुलासा मला फार जड गेला. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती दिवसाच्या पहिल्या पोटभर खाण्याच्या अगदी लगत घ्यायची असते. दवाखान्यात बसून ‘सकाळी जेवणाआधी’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आठचा नाश्ता असतो. अक्कांच्या घरी नाश्ता नाही, जेवण आहे, आणि ते गोळीनंतर साडेपाच तासांनी. रोज साडेदहाला त्यांना कापरं भरायचं. त्यावर उपायही त्यांनी शोधून ठेवला होता: कनवटीला गुळाचा खडा. तो तोंडात टाकला की बरं वाटायचं. संकष्टीला रात्री चंद्र दिसेपर्यंत जेवण नव्हतं, सकाळपासून फक्त चहा आणि मूठभर शेंगदाणे, आणि गुळाचा खडा नेमका घरी राहिला. ४८ चं कोडं तिथं सुटलं.

मेटफॉर्मिनच्या चिठ्ठीवर १-०-१ लिहिलं होतं. मी ही खूण हजारो वेळा लिहिली असेल. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अक्कांनी बोट ठेवून वाचून दाखवलं, “आज एक, उद्या न्हाय, परवा एक.” मी गप्प बसले. कागदावर दुसरा कुठलाही अर्थ सुचवणारं काही नव्हतंच. ज्याला ही खूण कुणी समजावली नाही, त्यानं ती अशी वाचली तर त्यात चूक कुठली? सहा वर्षं त्यांना सांगितलेल्या मात्रेचा चौथा हिस्साच मिळत होता, आणि आम्ही गोळी पुरत नाही असं समजून दुसरी वाढवत होतो.

‘उपाशीपोटी तपासणीला या’ या वाक्याचं काय होतं तेही त्या दिवशी कळलं. अक्का एकदा एकादशीलाच तपासणीला आल्या होत्या, साबुदाण्याची खिचडी खाऊन. उपास होता, मग उपाशीपोटीच झालं की! आपल्याकडे उपासाला खातात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्याही घरी चतुर्थीला खिचडी होते. पण उपकेंद्राच्या खुर्चीत बसलं की आपल्याच घरची भाषा आपण विसरतो. आता आम्ही सांगतो: रात्री जेवल्यावर सकाळी सुई टोचेपर्यंत निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. चहा नाही, बिनसाखरेचा नाही, उपासाचंही नाही.

एका तपासणीत ११८ आली होती आणि कुणीतरी ‘नॉर्मल आहे’ म्हटलं. अक्कांनी महिनाभर गोळ्या थांबवल्या, कारण बरं झालेलं माणूस औषध कशाला घेईल?

आणि गूळ. साखर बंद म्हटल्यापासून अक्कांनी साखरेला हात लावलेला नव्हता. दिवसाला पाच-सहा चहा गुळाचे. आमच्याकडे साखर ही कारखान्याची, केमिकलची, आणि गूळ घरचा, औषधी, बाळंतिणीला द्यायचा. गुऱ्हाळ ज्यांच्या डोळ्यांदेखत चालतं त्यांना हे पटवणं अवघड नाही खरं तर. त्याच उसाचा तोच रस, एकीकडे आटवून ढेप केली, दुसरीकडे दाणा पाडला. रक्तात गेल्यावर दोन्हींचा हिशोब जवळजवळ एकच. मी इतकंच बोलले आणि अक्कांचे यजमान, जे तोवर दाराशी नुसते बसून होते, ते म्हणाले, “बराबर हाय. काहिलीत रस तर त्योच असतुय.” त्यांच्या या एका वाक्यानं माझ्या दहा तक्त्यांचं काम केलं.

तारेला टोचलेल्या चिठ्ठ्या

निघता निघता भिंतीवरच्या तारेकडे लक्ष गेलं. डेअरीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टोचलेला. मी सहज विचारलं आणि अक्कांचा आवाजच बदलला. परवा फॅट ६.४ लागली, काल ६.२, आज ६.०. पेंड तीच, वैरण तीच, मग उतरली कशी? एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, ९.० च्या खाली गेला की दर किती तुटतो, दहा दिवसांच्या बिलात त्याचे किती रुपये होतात, गेल्या बिलात कुठल्या दोन वेळा खाडा धरला, सगळं तोंडपाठ. डेअरीत जाऊन दोन पॉइंटासाठी त्या भांडून आल्या होत्या आणि मशीन पुन्हा लावायला लावलं होतं.

याच बाईंच्या नावापुढे आमच्याकडे ‘अल्पशिक्षित’ असं लिहिलेलं आहे. दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर भांडणाऱ्या बाईंना १०.९ कळणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं. रिपोर्टचा कागद मी त्यांच्या हातात कधी दिलाच नव्हता, फायलीला लावला होता.

म्हणून त्याच चिठ्ठ्या हातात घेऊन बोलले. बोटाला टोचून निघते ती साखर म्हणजे एका वेळच्या दुधाची फॅट. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. एचबीए१सी म्हणजे सगळ्या बिलांची मिळून सरासरी. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत रक्तात साखर जितकी जास्त फिरली, तितकी ती त्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला जास्त चिकटते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगते, आणि तिला उपाशीपोटी यायची गरज नसते. अक्का तपासणीआधी दोन दिवस चहा बंद करून, अर्धी भाकरी खाऊन यायच्या, हे सुनेनं आधीच सांगितलं होतं. अक्का थोडा वेळ चिठ्ठ्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे सायब यायच्या दिवशी तेवढं चांगलं दूध घालून भागत न्हाय.”

माझ्या नोकरीतल्या सगळ्या समुपदेशनांत इतकं नेमकं वाक्य मी उच्चारलेलं नाही.

साखरेची नोंद ठेवायला आम्ही डेअरीच्या कार्डासारखंच कार्ड आखलं: तारीख, सकाळ, संध्याकाळ, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात अक्कांनी काय लिहायचं ते मी सांगितलं नाही. त्या ‘लगीन’, ‘पानी पाजायला रातचं रानात’, ‘दोन चा’ असं लिहू लागल्या. आकडा का चढला हे त्या रकान्यातून मला डॉक्टरांच्या टिपणांपेक्षा चांगलं कळत गेलं.

‘कळलं का?’ हा प्रश्न सोडून दिला

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डॉ. डीन शिलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी आरोग्य-साक्षरता असलेल्या मधुमेही रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून एक अभ्यास केला होता, २००३ मध्ये तो छापला गेला. डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी फक्त १२ टक्के गोष्टी रुग्णाला कळल्या की नाही हे तपासून पाहिलं गेलं होतं. जे डॉक्टर तपासून बघत, त्यांच्या रुग्णांची साखर अधिक आटोक्यात होती, आणि अशा भेटींना वेळही जास्त लागला नव्हता. पद्धत साधी आहे. सांगून झालं की रुग्णालाच त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचं.

साधी असली तरी मी पहिल्यांदा ती बिघडवली. “आता सांगा बघू मी काय सांगितलं,” असं शाळामास्तरासारखं विचारलं. सून खाली बघायला लागली आणि अक्का म्हणाल्या, “परीक्षा घेताय व्हय आमची?” मग शब्द बदलले. “अक्का, मला नीट सांगता आलं का ते बघायचंय. आज सूनबाई घरी नव्हत्या असं समजा. संध्याकाळी त्यांना काय सांगाल?” या प्रश्नात नापास व्हायची वेळ आली तर ती माझ्यावर येते, त्यांच्यावर नाही.

अक्कांचं पहिलं उत्तर: “डेअरीवरनं आल्यावर चा घ्यायचा, मग गोळी.” म्हणजे माझं सांगणं पुन्हा चुकलं होतं. घड्याळ आणि ‘आधी-नंतर’ दोन्ही सोडून दिलं. भाकरी ताटात आली, हात धुतले, की बारकी गोळी, लगेच पहिला घास. ताट नाही तर बारकी गोळी नाही. मोठी गोळी, म्हणजे मेटफॉर्मिन, दोन्ही जेवणांना जेवतानाच, रोज, खाडा नाही. तिसऱ्या खेपेला सुनेनं हे न अडखळता सांगितलं. औषधातला बदल अर्थात मी ठरवलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ती पिशवी जशीच्या तशी ठेवली. त्यांनी निळी पट्टी काढून टाकली, ग्लिमेपिराइडची वेळ बदलली, उपासाच्या दिवशी ती घ्यायची नाही असं मराठीत लिहून दिलं आणि न्याहारी सुरू करायला सांगितलं. अक्का आता डेअरीवरून आल्यावर साडेसातला एक भाकरी आणि कोरड्यास खाऊन रानात जातात.

गोळ्यांच्या पाकिटांवर चित्रं काढायचा प्रयोगही केला. भाकरी म्हणून आम्ही गोल काढला. चार घरांत विचारलं तेव्हा सगळ्यांनी ‘ही गोळी’ असं सांगितलं. मग ताट, त्यात भाकरी आणि तिला लागलेला हात असं चित्र झालं. ते कळतं.

‘साखर बंद’ आम्ही बोलायचं थांबवलं. त्याऐवजी घरातल्या प्रत्येकाला, अगदी नातवालाही, दुसरी गोष्ट शिकवली: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं आणि आजी गिळू शकत असेल तर आधी साखरपाणी, मग बाकी सगळं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

उपास आणि पाय

उपास सोडा, असं मी म्हटलं नाही. चाळीस वर्षांची संकष्टी माझ्या एका वाक्यानं सुटणार नाही, आणि सुटावी असं माझंही म्हणणं नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे सांगितलं. भगरीनंही साखर चढते हे त्यांनीच मशीनवर पाहिलं, कारण एका चतुर्थीला खाल्ल्यावर दोन तासांनी आम्ही तपासून दाखवलं. आता त्या दिवशी दही, काकडी, शेंगदाण्याची आमटी आणि थोडा राजगिरा, दिवसातून दोनदा. चंद्रोदयापर्यंत रिकामं पोट नाही. हे त्यांनी आपल्या मनानं ठरवलं आणि देवळातल्या बायकांनाही सांगितलं. निर्जळी मात्र त्या अजून सोडत नाहीत. त्या दिवशी मी सकाळ-दुपार जाऊन तपासून येते.

पायांकडे मी उशिरा वळले, हे मान्य करते. मुंग्या येतात म्हणून यजमान त्यांच्या तळपायाला विटेचा शेक देत होते. संवेदना गेलेल्या पायाला चटका कळत नाही, त्यातून होणारी जखम महिनोन्महिने भरत नाही. तपासताना उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला सापडला, भोवती सगळं लाल. किती दिवसांचा, अक्कांना सांगता येईना. दुखलाच नव्हता. उसाच्या रानात पाचटातून त्या अनवाणी चालत. आता रबरी बूट आहेत आणि रात्री सून आरसा धरून तळपाय बघते. शेक बंद झाला.

आकडे आणि राहिलेलं

तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.८. सहा महिन्यांनी ८.१. अक्कांसाठी ठरवलेलं उद्दिष्ट ७.५ च्या खाली आहे, तिथं त्या पोचलेल्या नाहीत. मधल्या काळात साखर एकदाही ७० च्या खाली गेली नाही, याचं मला आकड्यापेक्षा जास्त समाधान आहे. दिवाळीत कार्डावर चढे आकडे आणि शेऱ्यात ‘करंजी’ असं सलग चार दिवस आहे. लपवलं नाही. ऊसतोड सुरू झाल्यावर दोन आठवडे कार्ड कोरं आहे. घरच्या मशीनच्या पट्ट्या महाग पडतात, त्यामुळे त्या आठवड्यातून दोनदाच तपासतात आणि बाकी वेळा उपकेंद्रात येतात. मिरजेच्या दवाखान्याची नवी चिठ्ठी आली त्यावर पुन्हा १-०-१ होतं. सुनेनं ती घेऊन येऊन विचारलं, “ह्ये दिवसाचंच हाय न्हवं?”

डोळ्यांची तपासणी अजून झालेली नाही. सहा वर्षांत एकदाही पडदा पाहिलेला नाही, तो वर्षातून एकदा पाहायला हवा. दोनदा तारीख ठरली, दोनदा चुकली. आळस नव्हता. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, एकटीनं मिरजेहून एसटीनं परतता येत नाही, आणि सून बरोबर गेली तर संध्याकाळच्या धारा कुणी काढायच्या? शेजारच्या घरात त्यासाठी बोलणं झालं आहे. येत्या बुधवारी सकाळच्या एसटीनं दोघी जाणार आहेत. डेअरीची संध्याकाळची वेळ साडेसहापर्यंत असते, तोवर परत येता येईल का, हे अक्कांनी मला काल दोनदा विचारलं.